माझ्या छातीवरचा मोएलांगीचा फोटो
मित्रांनो, मी आपियाच्या बोटधक्क्यावरचा एक जुना नोटीस बोर्ड आहे. सामोआहून पागो पागोला बोट सुटते, तिथे मी उभा आहे. पागो पागो जवळ असले तरी तो दुसरा देश. एकदा तिथे पोचलेला माणूस पुढे कुठेही जाऊ शकतो.

मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्या जोडून एका सुताराने मला बनवले. तेव्हा बोटीची वेळ, चर्चचे गाणे, रग्बीचा सामना, सगळे लोक माझ्यावरच वाचत. मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आले आणि माझ्याकडे बघणे संपले. खाऱ्या वाऱ्याने माझ्या टाचण्या गंजल्या. मी थकलो.

अशात ऑकलंडहून लुपे आली. तिची मुलगी मोएलांगी तिच्याजवळच राहावी, असा कोर्टाचा निकाल होता. तरी नवरा फेरेती सुट्टीचे निमित्त करून मुलीला घेऊन इकडे सामोआला आला, तो परतलाच नाही. लुपेने दोन लांब वेण्या घातलेल्या मोएलांगीचा फोटो माझ्यावर लावला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून उभी राहिली.

पुढच्याच आठवड्यात कुणीतरी त्यावर बिंगोची जाहिरात ठोकली. धक्क्यावर गोड पानीकेके तळून विकणाऱ्या वालासीकाकूंनी ती काढून बाजूला लावली. मग हे रोजचेच झाले.

पहारेकरी उएलेसे हसायचा. "काकू, तुमची कोण लागते हो ही?"

"कुणी नाही. म्हणून तोंड झाकायचं का तिचं?"

एका संध्याकाळी बोट सुटायच्या बेतात होती. आखूड केसांचा, अर्ध्या चड्डीतला एक मुलगा माझ्यासमोर येऊन थांबला. हलेचना.

"काय बघतोस रे बाळा?" काकूंनी विचारले.

त्याने फोटोवर बोट ठेवले. "माझ्या वेण्या."

काकूंच्या हातातला झारा तसाच राहिला. तेवढ्यात बापाने येऊन मुलाचे मनगट धरले. काकू वाटेत आडव्या उभ्या राहिल्या.

"उएलेसे, आधी इकडे ये. हा फोटो बघ आणि हे पोर बघ."

"काकू, बोट सुटतेय."

"सुटू दे."

"माझीच मुलगी आहे," फेरेती म्हणाला. "बापाला अडवणार तुम्ही?"

"बाप आहेस, तर तिच्या आईपासून का लपवलंस?"

उएलेसेने फोटो पाहिला आणि फाटक लावले. बोट त्या दोघांना न घेताच गेली.

काकूंनी फोटोखालच्या नंबरावर फोन केला आणि दुसऱ्या दिवशी लुपे आली. मोएलांगी तिच्याकडे धावली नाही. काकूंच्या पाठीआड उभी राहून तिने विचारले, "तू मेली होतीस ना?"

लुपे खाली बसली. "नाही गं. तुला शोधत होते." मग हळूहळू पोर पुढे आली.

त्यालाही आता वर्षे झाली. काकूंचे गुडघे गेले, त्या धक्क्यावर येत नाहीत. माझ्यावर सध्या दोन भावंडांचा फोटो आहे. धाकट्याचा चेहरा उन्हाने जवळजवळ पुसला गेला आहे, आणि काल त्यावर कुणीतरी टायरच्या दुकानाची जाहिरात लावली. ती काढायला मला हात नाहीत. मित्रांनो, तुम्हाला आहेत.