खमीर घालताना ओरडायचं असतं

हेरबोर्गने तांब्याच्या हंड्यावरचं झाकण दोन्ही हातांनी उचललं, आणि जुनिपर झुडपाच्या उकळत्या फांद्यांच्या वाफेने तिला अख्खी गिळून टाकली. चष्मा धुरकटला. चूल गेली, खिडकी गेली, खिडकीतलं तळं गेलं, उरला तो नुसता वास. हा वास तिला जन्मापासून ठाऊक होता, पण भिंतीच्या पलीकडून. चूलघराच्या आत उभं राहून तो नाकात भरून घ्यायची तिची ही पहिलीच वेळ, आणि वय चौसष्ट.

"म्हातारचळ, दुसरं काय!" ती स्वतःशीच पुटपुटली आणि फांद्या ढवळायला लागली.

त्या घरात बिअर पुरुषांनी करायची. आजोबांनी केली, वडिलांनी केली, मग थोरल्या भावाने, तोर्गेरने. बाईमाणूस चूलघरात आलं की खमीर निजतं, असं वडील म्हणायचे. गायींचं दूध मात्र बाईनेच काढायचं, तेव्हा काही निजत नसे. लहानपणी हेरबोर्ग बाहेर भिंतीला पाठ टेकून बसायची आणि शेवटच्या आरोळीची वाट बघायची. खमीर रसात पडलं की आधी वडील घसा फोडून ओरडायचे, मग तोर्गेर. जेवढी मोठी आरोळी तेवढी कडक बिअर, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आरोळी तळ्यापलीकडच्या डोंगरावर आपटून परत यायची, आणि ती परत येईपर्यंत पोरगी श्वास धरून बसायची.

भाऊबहीण दोघांनी लग्न केलं नाही. तळ्याकाठच्या त्या घरात, एका छपराखाली, दोघांचं आयुष्य गेलं. तोर्गेर आता गावातल्या वृद्धाश्रमात होता. आधी तो किल्ल्या विसरला, मग वाटा, मग माणसं. उन्हाळा संपता संपता त्याने हेरबोर्गला 'अहो बाई' म्हणायला सुरुवात केली. ती दर रविवारी जायची, आणि दर रविवारी तो मोठ्या अदबीने विचारायचा,

"अहो बाई, तुम्ही तळ्याकाठच्या वाटेनं आलात का? आमच्याकडं नाताळची बिअर लागली का हो?"

"अजून नाही, दादा."

"लागणार तरी कशी! मी इथं. घरात दुसरं करणारं आहे कोण?"

हे 'कोण' तिच्या काळजात रुतून बसलं. परतीच्या बसमध्ये ती रडली, उगाच लपवायलाही गेली नाही. पण बस तळ्याच्या वळणावर आली तेव्हा तिच्या मनात आलं, हा माणसं विसरला, पण बिअर नाही विसरला. म्हणजे त्याच्यापर्यंत जायला एवढी एक वाट शिल्लक आहे. मग त्याच वाटेने जायचं.

छपराखाली तागाच्या पिशवीत मागच्या खमिराच्या सुकलेल्या खपल्या होत्या, पापडासारख्या. दर वर्षी नव्या बिअरमधून खमीर काढून वाळवायचं, पुढच्या वर्षी जागं करायचं, हे आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. तोर्गेर वृद्धाश्रमात गेल्यापासून त्या पिशवीला कुणाचा हात लागला नव्हता. यंदा ते जागं झालं नाही तर घरचं खमीर कायमचं संपलं, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तर एक कणही सांडू न देता तिने खपल्या कोमट पाण्यात टाकल्या.

मोड आणून वाळवलेलं, भरडलेलं जव तिने लाकडी पिंपात ओतलं, वर जुनिपरचं कढत पाणी, आणि वल्ह्याएवढ्या लाकडी पळीने ती ढवळत राहिली. आधी ओल्या पिठाचा वास आला, मग भाकरीचा, मग मधाचा. पिंप झाकून ती बाकावर टेकली. बाहेर दिवस होता की संध्याकाळ, कळत नव्हतं, वाफेला कुठली वेळ! त्या वाफेत वडील पाठमोरे उभे दिसले, खांदे तसेच रुंद, कानटोपी तशीच मागे सरकलेली. तिला भीती वाटली नाही.

"सरका जरा," ती म्हणाली. "मला पळी घ्यायचीय."

ते सरकले.

दुसऱ्या पिंपाच्या तळाशी फांद्या अंथरून तिने जव त्यावर काढलं आणि तोटी सोडली. तपकिरी, दाट, गोड रस धारेने खाली यायला लागला. सगळा रस हंड्यात उकळला, हॉप्सच्या वेलीची कडवट, वाळलेली फुलं त्यात गेली, रंग चहासारखा गडद झाला. आता तो निववून खमीर घालायचं. किती निववायचा? जवाच्या पिशवीवर शहरातल्या दुकानाने छापलं होतं, खोलीइतका थंड होऊ द्या. चूलघराची ती खोली नोव्हेंबरमधली! पण हेरबोर्ग आज्ञाधारक बाई. तिने रस पिंपात ओतून थंडगार होऊ दिला, मग जागं झालेलं खमीर वर ओतलं, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

आवाजच फुटेना. वडील अजून तिथेच कोपऱ्यात असावेत असं तिला वाटलं. ती कशीबशी खोकली आणि पिंपावर फडकं टाकून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची सिन्नेवा आली. दोघी एका वर्गातल्या, आणि सिन्नेवाच्या जिभेला तेव्हापासून हाड नाही.

"काय गं, काल एवढा धूर! मला वाटलं घर पेटलं. आणि तू इथं बिअर करतेयस होय! आता उद्या दाढी येईल बघ तुला."

हेरबोर्ग पिंपाला कान लावून बसली होती. तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मेलं गं ते, सिन्नेवा. सकाळपासून ऐकतेय, काही बोलत नाही. इतकी वर्षं जगलं आणि माझ्या हातून मेलं."

सिन्नेवाने बाही सारून बोट रसात बुडवलं आणि झटकन काढलं.

"बाई बाई! हे तर विहिरीचं पाणी! झोपेल नाही तर काय करेल बिचारं?"

"पिशवीवर तसंच लिहिलंय."

"पिशवीला काय कळतंय? तुमच्या घरात काय म्हणायचे?"

हेरबोर्गने पुन्हा पिंपाला कान लावला. तिने डोळे मिटले. भिंतीपलीकडून वडिलांचा आवाज आला, तोर्गेरला दरडावत, घाई करू नकोस पोरा, आत्ता काढलेल्या दुधाइतकं हवं, आत्ता काढलेल्या!

तिने डोळे उघडले आणि स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. पोरपणापासून तेच तर केलं होतं या हातांनी, पहाटे आणि संध्याकाळी.

"दुधाइतकं," ती म्हणाली. "अगं, ते तर मला येतं!"

थोडा रस काढून तिने चुलीवर गरम केला, पिंपात परत ओतला, हात घातला. अजून नाही. पुन्हा काढला, पुन्हा ओतला. शेवटी एकदा हात आत गेला आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. गोठ्यातल्या कासंडीत हात बुडावा तसं वाटलं. पिंपाला तिने मेंढीची कातडी गुंडाळली, दोरीने बांधली.

"आणि ओरडलीस का काल?" सिन्नेवाने विचारलं.

"खोकले."

"खोकल्यावर बिअर होते होय!"

"लाज वाटते गं. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? मी एक, आणि तुझ्या मेंढ्या. त्या तर तुला आधीच वेडी समजतात."

हेरबोर्गला हसू आलं, आणि त्या हसण्यातच कधीतरी आवाज सुटला. आधी बारीक, मग जाड, मग असा की सिन्नेवाने कानांवर हात ठेवले आणि कुंपणाशी चरणाऱ्या मेंढ्या उधळल्या. भिंतीबाहेर बसून गिळलेली सगळी वर्षं त्या एका आरोळीत होती. ती दारातून बाहेर पडली, तळ्यावरून गेली, पलीकडच्या डोंगरावर आपटली. दोघी ऐकत उभ्या राहिल्या. आरोळी परत आली.

दिवेलागणीला फडक्याखाली फेस चढला होता आणि पिंप कुजबुजत होतं. कातडीच्या उबेने की आरोळीने, यावर दोघी अजून भांडतात. हेरबोर्गने फेसावरचं खमीर काढून तागाच्या कापडावर वाळत घातलं, आणि मग कुठे ती पोटभर जेवली.

बिअर काढायच्या दिवशी सिन्नेवा लाकडी वाडगा घेऊन हजरच.

"घे की पहिला घोट! करणाऱ्याचा मान असतो."

"आमच्यात तो दादाचा," हेरबोर्ग म्हणाली. "त्याच्या आधी मी नाही पिणार. तू पी."

"मी पिऊ आणि पाप घेऊ डोक्यावर?" सिन्नेवाने वाडगा पुसून तिच्या हातात दिला. "जा मग, घेऊन जा त्याच्याकडं."

रविवारी तोर्गेर नेहमीच्या खिडकीशी बसला होता, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. हेरबोर्गने रस्ताभर मनाशी घोकलं होतं, वास आला की तो वर बघेल, आणि म्हणेल. काय म्हणेल ते ती स्वतःशीसुद्धा बोलली नव्हती.

"अहो बाई," तो म्हणाला, "आमच्याकडं बिअर लागली का हो?"

तिने पिशवीतून बाटली आणि तो लाकडी वाडगा काढला. बाटलीतून वाडग्यात ओतलं आणि वाडगा त्याच्या पुढे धरला.

त्याने वाडगा नाकाशी नेला. एकदा हुंगलं, मग पुन्हा हुंगलं. त्या बिअरला संत्र्याच्या सालीचा वास होता, सगळ्या खोऱ्यात फक्त त्यांच्याच घरच्या बिअरला यायचा तो.

"खमीर आमचं आहे," तो म्हणाला. "चोरलंत कुठून?"

"चोरलं नाही, दादा. मी केली."

तोर्गेरने तिच्याकडे पाहिलं. नीट, शोधत पाहिलं. ती श्वास धरून उभी होती. पण त्याच्या डोळ्यांत काही हललं नाही. पाहुण्या बाईकडे बघतात तसं तो बघत होता.

"ओरडलात?"

"ओरडले."

"आरोळी परत आली?"

"आली."

त्याने मान डोलावली. वाडगा ओठांपर्यंत गेला होता, तो त्याने खाली घेतला आणि तिच्याकडे सरकवला.

"मग पहिला घोट तुमचा. करणाऱ्याचा असतो. घ्या."

"नाही, तुम्ही घ्या."

"घ्या म्हणतो ना! रीत म्हणजे रीत." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "पण सगळी संपवू नका हं. आमच्या हेरबोर्गला ठेवा थोडी. भिंतीमागं बसलेली असते ती, थंडीत. तिला वाटतं कुणाला माहीत नाही. मला माहीत असतं. मी जोरात ओरडतो ना, ते तिला ऐकू जावं म्हणून." त्याने आवाज खाली आणला. "तिला आत बोलवायचं राहून गेलं. पहिला घोट तिला कधी कुणी दिलाच नाही."

हेरबोर्गने वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि पहिला घोट घेतला.