पन्नासची लेन्स, बारा फुटांची खोली

सबिहाच्या जिवाला त्या आठवड्यात चैन म्हणून नव्हतं. लग्न दुसरीचं, आणि तहानभूक हरपली हिची. नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागायला अर्धा तास होता, तेवढ्यात ती चारदा बाकावर बसली आणि पाचदा उठली. आता बसली चारदा तर उठली पाचदा कशी, हे विचारू नका. जीव थाऱ्यावर नसला की हिशेब असेच होतात. पिशवीतून कॅमेरा काढायचा, लेन्स फिरवायची, आतली खरखर ऐकायची आणि पुन्हा आत ठेवायचा. जणू मधल्या पाच मिनिटांत ती आपोआप बरी होणार होती.

ती लेन्स गेली होती. चेहऱ्यावर धरावी तर तिची नजर कानावर जाऊन बसायची. दुरुस्तीवाला म्हणाला, "दुरुस्तीच्या पैशात दुसरी येईल." असं सांगणाऱ्याचं काय जातं! रविवारी नांदेडला लायबाचं लग्न, आणि तिथं बायकांच्या बाजूचे फोटो सबिहानं काढायचे होते.

लायबाचं घर जुन्या वळणाचं. तिथल्या जनान्यात परका पुरुष पाऊल टाकत नाही, मग त्याच्या गळ्यात कॅमेरा असो की फुलांचा हार. त्यामुळं त्या घरच्या बायकांचे लग्नातले फोटो कधी निघालेच नव्हते. पुरुषांचे आल्बम भरलेले. शेरवानीतला मामा दहा वेळा, आणि नवरी एकदाही नाही. लायबाची आजी हाजराबी, तिच्या कानावर गेलं की अर्धापूरची एक पोरगी कॅमेरा चालवते. तिनं निरोप धाडला. अट एकच होती. काम झालं की कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आजीच्या हातात द्यायचं. कुठला स्टुडिओ नाही, कुठल्या पुरुषाचा कॉम्प्युटर नाही. म्हणजे जे निघेल ते जागच्या जागी चांगलं निघायला हवं, मागून डागडुजी करायची सोय नव्हती.

एवढ्यावर भागतं तरी ठीक होतं. पण कॅमेरा होता मोठ्या भावाचा, अजहरचा. त्यानं हौसेनं जुना विकत घेतला, दोन महिन्यांत हौस फिटली, आणि धूळ खात पडला तेव्हा सबिहानं उचलला. घरात शिकली तोवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. लग्नाची बोलावणी यायला लागली आणि अजहरला अचानक लोक आठवले.

"मोबाइलच्या दुकानात बसतो मी," तो म्हणाला. "येणारा-जाणारा इचारतो, तुमची बहीण गळ्यात कॅमेरा घालून फिरते म्हणं? मी काय सांगू?"

"सांग, फिरते म्हणून."

"तोंड लई चालून राहिलं तुझं. हे बघ सबी, हदगावचं गिऱ्हाईक हाय कॅमेऱ्याला. एवढं एक लग्न कर. नीट झालं तर बघू. गडबड झाली तर सोमवारी देऊन टाकतो, मग रडायचं न्हाई."

म्हणून ही धावपळ. गाडीभाडं आणि चहापाणी सोडलं तर तिच्याजवळ साठलेले साडेपाच हजार होते, त्यावर रुपया नाही. नव्या लेन्सची बातच सोडा. पण लातुरात क्लासवाल्यांचा सुळसुळाट. ते शिकवण्याचे व्हिडिओ काढतात, आणि मोठे कॅमेरे आले की जुनी अवजारं दयानंदच्या दुकानात आणून टाकतात. तिथं स्वस्तात मिळतं, असं तिला कळलं होतं.

दयानंदनं काउंटरवर दोन लेन्सा ठेवल्या. एक साधी, फिरवली की जवळ-लांब होणारी, तिच्या गेलेल्या लेन्सची सख्खी बहीण. पैशानं निम्मी. दुसरी पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, बुटकी, पुढं हे एवढं मोठं भिंग, आणि किंमत बरोब्बर पिशवीतल्या पैशांएवढी.

"ही पन्नासची एका बायोलॉजीच्या सरांची हाय, ताई," दयानंद म्हणाला. "तीन वर्षं तिनं एकच माणूस बघितला. आता तरी तिला दुसरं काही दाखवा."

"उजेड कमी असला तर?"

"मग हीच घ्या. साधी कमी उजेडात हात टेकते. पण तिनं मागं-पुढं बघता येतं, हिनं येत न्हाई. हिच्यात जवळ-लांब तुमच्या पायांनी व्हायचं. रोजच्या कामाला म्हणाल तर साधी बरी. चेहरा म्हणाल तर पन्नासची."

सबिहानं पन्नासची लावली आणि दारात पोत्यावर बसलेल्या हमालावर धरली. काय सांगावं! सुरकुती न् सुरकुती दिसली, आणि मागचा सगळा बाजार विरघळून गेला. तिनं साधी लावून तोच हमाल काढला. तोही आला, पण आधार कार्डावर येतो तसा आला. तिनं पुन्हा पन्नासची लावली, पुन्हा साधी. बाहेर जाऊन चहा प्याली, अर्धा टाकून परत आली. मोबाइलवर कॅमेरा शिकवणारे व्हिडिओवाले सगळे एका सुरात सांगत होते, पैसे थोडे असतील तर डोळे मिटून पन्नासची घ्या. शेवटी दयानंदच म्हणाला, "ताई, मागं सरकायला जागा असते ना तुमच्याकडं? कार्यालयात तर मोप जागा असते."

"हाव," सबिहा म्हणाली. आणि तिथंच फसली.

कारण बघा, तिला ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, तो दयानंद असो की ते व्हिडिओवाले, त्यातल्या एकानंही जन्मात जनान्यात पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवणार कसं? त्यांना कार्यालयं माहीत, स्टेज माहीत. बायकांची ती खोली त्यांच्या हिशेबात नव्हतीच, आणि जिला ती माहीत होती तिला त्या घडीला फक्त हमालाच्या सुरकुत्या दिसत होत्या.

रविवारी अजहरनं तिला मोटारसायकलवर नांदेडला आणलं आणि स्वतः अंगणात पुरुषांत जाऊन बसला. जनान्याच्या दारात हाजराबी स्वतः बसल्या होत्या, मांडीवर उशीचा अभ्रा. आत जाणाऱ्या प्रत्येकीचा मोबाइल त्या अभ्र्यात जात होता. "मोबाइलचा फोटो घरात थांबत न्हाई," त्या म्हणत होत्या. "निकाह व्हायच्या आत हैदराबादला पोचतो."

खोली बारा फुटांची. एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसरीला गाद्यांची चळत, आणि उरलेल्या जागेत सतरा बायका. सबिहानं डोळ्यांनीच खोली मोजली. पण लायबाचा एकटीचा फोटो काढला आणि जीव जरा खाली पडला. खिडकीतून येणाऱ्या इवल्याशा उजेडात पोरीचा चेहरा असा उमटला की तिची आई कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून रडायलाच लागली. मेंदीचे हात काढले, नथ काढली, डोळे काढले. तासभर सबिहा हवेत होती. मनात म्हणाली, बघ भाईजान, बघ आता.

मग हाजराबी उठल्या. "चला, आता सगळ्यांचा मिळून एक."

सबिहा मागं सरकली. दोन पावलांत पाठ कपाटाला लागली. कॅमेऱ्यात बघितलं तर लायबा, तिची एक खाला, म्हणजे मावशी, आणि दुसऱ्या खालाचा अर्धा कान. ती गाद्यांवर चढली; तीन डोकी आणि पंखा. खिडकीच्या कट्ट्यावर बसली, पुन्हा तीनच. सतरा जणी पदर सावरून, श्वास धरून तिच्याकडं बघत होत्या.

"दादी," ती म्हणाली, "तीन-तीन जणींचे काढू का?"

"तीन-तीन? रेशनची रांग हाय का ही?" हाजराबींचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "बेटा, ही माझी बहीण उदगीरहून आली. साठ वर्षांत आम्हा दोघींचा एक फोटो न्हाई. ही पोरगी उद्या सासरी जाईल. ह्या सतरा जणी पुन्हा एका जागी कधी येणार, सांग बरं मला?"

काही तरी थाप मारता आली असती. बॅटरी गेली म्हणता आलं असतं. सबिहाच्या तोंडाशी आलंही होतं. पण उदगीरची ती म्हातारी बहिणीचा हात धरून इतकी सरळ बसली होती, की सबिहाला स्वतःचीच लाज वाटली.

"दादी, चूक माझी हाय," ती म्हणाली. "लेन्स चुकीची घेतली मी. ही चेहऱ्याला चांगली, पण हिला लांबून बघावं लागतं. या खोलीत न्हाई होणार."

कोण्या एका मावशीनं "म्हणून म्हणत होते मोबाइल..." असं सुरू केलं, आणि हाजराबींच्या एका नजरेत तिचं वाक्य खलास. दाराच्या पडद्यापलीकडं पुरुषांची पंगत चालू होती, ताटांचे आवाज येत होते. त्यात अजहर होता. आत्ता ही बातमी बाहेर जाईल, संध्याकाळी अर्धापूरला पोचेल, आणि सोमवारी कॅमेरा हदगावला.

"किती लांब?" हाजराबींनी विचारलं.

"तीस फूट लागतील."

"अंगण वीस फूट हाय." म्हातारीनं क्षणभर विचार केला आणि पडद्याच्या कडेनं हाक टाकली, "जिलानी! अंगण रिकामं कर."

जिलानी म्हणजे नवरीचा बाप. बिचारा नवऱ्याकडच्या पाहुण्यांना वाढत होता. "अम्मी, लोक जेवून राहिलेत!"

"मग ताटं घेऊन जाऊ दे. गल्लीत हवा चांगली हाय."

"अम्मी, वऱ्हाडी हाय ते!"

"वऱ्हाडी हाय तर काय पाय न्हाईत त्यांना?"

आणि काय वर्णावं, चाळीस पुरुष बिर्याणीची ताटं हातात घेऊन गल्लीत! कुणी भिंतीला टेकून, कुणी मोटारसायकलच्या सीटवर ताट ठेवून, नवऱ्याचा चुलता तर एका हातात ताट आणि दुसऱ्यात पाण्याचा ग्लास घेऊन नालीच्या कडेला. समोरच्या गच्चीवर मंडपवाला दोऱ्या सोडत होता, त्यालाही खाली उतरवलं. "कुणामुळं हे?" कुणीतरी विचारलं. "ती फोटोवाली आली ना अर्धापूरची, तिच्यामुळं." अजहरनं ताटात खाली मान घातली.

आत बायका पायरीवर आल्या. म्हाताऱ्या खुर्च्यांवर, बाकीच्या मागं, लायबा मधोमध. सबिहानं भिंगाचं तोंड बारीक केलं, मागच्या रांगेतला चेहराही साफ यावा म्हणून, आणि मागं सरकत फाटकापर्यंत आली. बारा दिसल्या. दोन्ही टोकांच्या पाच जणी अजून बाहेर, आणि उदगीरची म्हातारी त्या पाचांत. फाटकापलीकडं गल्ली, आणि गल्लीत चाळीस पुरुष.

"चादरी आणा," हाजराबींनी हुकूम सोडला.

तीन चादरी आल्या. जिलानीनं चार माणसं निवडली. त्यांनी बायकांकडं पाठ करून, हात डोक्यामागं उंच धरून फाटकाबाहेर दोन बाजूंना कापडाच्या भिंती उभ्या केल्या. मागची चादर धरायला दोघं हवे होते. नवऱ्याच्या चुलत्यानं ग्लास खाली ठेवून एक टोक धरलं. दुसरं कोण धरणार, म्हणून सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

सबिहा त्या कापडाच्या खोलीत शिरली, डोळा कॅमेऱ्याला, पाठ चादरीला. चादरीपलीकडं कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं ती ओळखायची.

"भाईजान?"

"बोल लवकर. बिर्याणी गार होऊन राहिली लोकांची."

"एक पाऊल मागं."

चादर सरकली. चौदा झाल्या.

"आणखी एक."

चादर जराशी सरकून थांबली. "सबी, पुढं नाली हाय."

"पंधरा दिसून राहिल्या. दोघी राहिल्या भाईजान."

चादर सरकली, आणि पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. चुलता "या अल्लाह, माझी चप्पल" म्हणाला. सोळा. एका बाजूला उदगीरच्या म्हातारीचा खांदा अजून कापला जात होता.

तेवढ्यात गल्लीत ऑटो शिरला आणि हॉर्न वाजवत सुटला. रस्ता बंद, चादरी लावलेल्या, ताटं घेतलेले लोक. ऑटोवाल्याला काही उमजेना. "ओ भाई, काय चाललंय हे? हटा की! भर रस्त्यात काय करून राहिले?"

सबिहा थिजली. आता हा चादर सोडणार, तिला वाटलं. चार लोकांत विचारलेल्या प्रश्नालाच तर भीत होता तो.

"थांब रे जरा!" अजहर गल्लीच्या दोन्ही तोंडांना ऐकू जाईल असा ओरडला. "दिसत न्हाई का? माझी बहीण फोटो काढून राहिली!"

हॉर्न बंद झाला. सबिहाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरच्या बायका पुसट झाल्या. तिनं बाहीनं डोळा कोरडा केला, पुन्हा कॅमेऱ्याला लावला.

"भाईजान, अर्धंच पाऊल अजून."

"घे," तो म्हणाला, आणि चादर मागं सरकली.