चार मिलिमीटर

"काकू, तुमच्या दुकानातला चष्मा घातला की माणूस आंधळा होतो का?"

विचारणारी दहा वर्षांची होती आणि तिचा आवाज तिच्या उंचीच्या मानाने फारच मोठा होता. काउंटरपाशी एक आजोबा नवी फ्रेम नाकावर चढवून आरशात स्वतःला न्याहाळत होते. त्यांनी ती हळूच काढून ठेवली, "येतो मग सावकाशीने," असं काहीतरी पुटपुटले आणि गेलेसुद्धा.

मागच्या खोलीत काच घासत बसलेल्या बोरूने यंत्र बंद केलं. बोरू सतरा वर्षांचा, ताडमाड, अंगावर मांस म्हणून नाही, म्हणून आईने लहानपणी ठेवलेलं हे नाव त्याला अजून चिकटून होतं. बाहेरचा आवाज कुणाचा ते त्याने ओळखलं. ही भिंतची बहीण.

भिंत म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. बोरूच्याच वर्गातला, चार बाक मागे बसणारा. त्याला ओलांडून चेंडू सहसा आत जात नसे, म्हणून भिंत. अंगाने चांगला रुंद, हसला की खळी पडायची, पण एकाच गालाला. कोणत्या, ते बोरूने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. विचारत कुणी नव्हतं, एवढंच.

"बस गं आधी," बोरूची आई म्हणाली. पंधरा वर्षं दुकान एकटीने चालवल्यामुळे तिला तक्रारीचं भय उरलं नव्हतं. "कोण झालं आंधळं?"

"आमचा दादा. परवा पाच गोल खाल्ले त्याने. पाच! त्यातला एक तर नुसता घरंगळत आला होता, दमलेली माणसं चालतात ना, तसा. दादा आपला हात पसरून उभा, आणि चेंडू काखेखालून आत. आता सगळे त्याला खिडकी म्हणतात."

आईने हसू दाबलं. सोपं नव्हतं ते.

"आणि रोज घरी आला की डोक्याला ओला रुमाल बांधून पडतो. आई म्हणते, ऊन लागलं. मी म्हणते, चष्मा लागला. कारण चष्मा काढला की बरा होतो, मी बघितलंय. तर मलाच म्हणतो, चष्मा झकास आहे, तू गप्प बस. उद्या शेवटची मॅच आहे, काकू! सर म्हणालेत, आज सरावात नीट खेळला नाहीस तर उद्या बाहेर बस." तिने खिशातून एक पायमोजा काढला आणि पायमोज्यातून चष्मा. "तो अंघोळीला गेलाय. गात गात करतो, त्यामुळे वेळ लागतो. पण तरी लवकर बघा."

आईने चष्मा पुसला, नंबर तपासायच्या यंत्राखाली धरला आणि प्रत्येक काचेच्या बरोबर मध्यावर शाईचा बारीक ठिपका दिला. मग दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं. खणातून भिंतचं कार्ड काढलं. पुन्हा मोजलं.

"बोरू, बाहेर ये."

बोरू आला. हात पुसायची गरज नसताना हात पुसत आला.

"अठ्ठावन्न मिलिमीटर," आई म्हणाली. "कार्डावर अठ्ठावन्न, चष्म्यात अठ्ठावन्न. घासलंयस सुरेख. पण कार्ड कुणी लिहिलं?"

"मीच."

"अरे, तो मुलगा आपल्या दारातून आडवा होऊन आत येतो. त्याच्या दोन बाहुल्यांमध्ये अठ्ठावन्न? एवढं तर हिचं असेल."

बहिणीने ताबडतोब डोळे विस्फारून दाखवले.

चष्म्याची काच कितीही चांगली असली तरी तिचा मध्य माणसाच्या बाहुलीसमोर यावा लागतो. नाहीतर डोळे दिवसभर ओढाताण करतात, डोकं ठणकतं, वस्तू आहे त्याहून जवळ भासते. म्हणून मोजमाप. ते आईने बोरूला आठवीत असतानाच शिकवलं होतं. समोरासमोर बसायचं, त्याच्या नाकावर पट्टी टेकवायची, आपला उजवा डोळा मिटायचा आणि त्याला आपल्या डाव्या डोळ्यात बघायला सांगायचं. मग डावा मिटून उजव्यात. असं केलं की त्याची नजर सरळ राहते. आपण दोन्ही डोळे उघडे ठेवून बसलो तर तो बिचारा मधोमध बघतो, त्याच्या बाहुल्या आत वळतात आणि माप तोकडं येतं.

"डोळा मिटला होतास ना, मोजताना?" आईने विचारलं.

बोरू काउंटरच्या काचेखालच्या फ्रेमा मोजू लागला.

त्याला तो दिवस लख्ख आठवत होता. दोन आठवड्यांपूर्वी चेंडू लागून भिंतचा जुना चष्मा फुटला, आणि तो काचा रुमालात बांधून दुकानात आला. आई मागे यंत्रावर होती, म्हणाली, तूच मोज रे. दोघं स्टुलांवर बसले, गुडघ्याला गुडघा लागून. चष्म्यावाचून भिंतचे डोळे बोरूने तोवर पाहिलेच नव्हते. तपकिरी, आणि कडेला जरासे हिरवट, रंगवणाऱ्याने ब्रश न धुताच पुढचं काम उरकल्यासारखे. अशा वेळी एक डोळा मिटायचा म्हणजे अर्धंच बघायचं. बोरूच्याने ते झालं नाही.

"विसरलो," तो म्हणाला.

"आजवर दोनशे माणसं मोजलीस. एकदा विसरला नाहीस. लक्ष कुठे होतं तुझं?"

"त्याच्याकडेच होतं," बोरू म्हणाला. शब्द बाहेर पडल्यावर त्याला ते परत आत घ्यावेसे वाटले. पण तोवर त्याचे कान इतके लाल झाले होते की बहिणीनेसुद्धा त्यांच्याकडे रस घेऊन पाहिलं.

आईने पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"असं," ती म्हणाली.

आईच्या 'असं'चे नाना प्रकार बोरूला पाठ होते. गिऱ्हाइकाला म्हणायचं वेगळं, शाळेचं प्रगतिपुस्तक बघून म्हणायचं वेगळं. हे त्याने पहिल्यांदा ऐकलं.

"काचा आजच्या आज नव्या घास," ती म्हणाली. "आणि नियम ठाऊक आहे."

दुकानाचा नियम एकच होता आणि तो आईने घातला होता. ज्याच्या हातून चूक झाली त्याने गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने सांगायची, आणि कारणासकट. ती स्वतःही पाळायची. एकदा तिने दोन शेजाऱ्यांचे चष्मे एकमेकांना दिले, तेव्हा दोघांच्या घरी जाऊन सांगून आली होती, की माझ्या बहिणीचं पत्र वाचून इतकं हसू येत होतं की पाकिटावरची नावं बघितलीच नाहीत.

"चूक सांगतो ना," बोरू खालच्या आवाजात म्हणाला. "कारण नको."

"कारण सांगितलं नाहीस तर तो म्हणेल, यांना माझी पर्वा नव्हती, म्हणून कसंतरी उरकलं. तसं होतं का?"

"नाही गं. उलटच."

"मग?"

"सांगितल्यावर तो परत दुकानात पाय ठेवणार नाही. शाळेतही बोलणार नाही."

"नाही बोलणार कदाचित." खोटा धीर देणं आईला जमत नसे. "पण पाच गोल त्याने खाल्ले, राजा. तू नाही."

इतक्यात दार धाडकन उघडलं. ओले केस, उलटा घातलेला शर्ट, असा भिंत आत आला आणि फ्रेमांच्या स्टँडवर आदळला.

"माफ करा हं काकू," तो स्टँडला म्हणाला.

"मी इकडे आहे," आई म्हणाली.

"अं, हो. चष्मा आलाय का इथे? आमच्या घरात एक चोर आहे."

"चोर नाही काही! मीच आहे!" बहीण ओरडली.

"चल गं," आईने तिचा हात धरला. "आपण पायरीवर बसू. तुझी वेणी सुटलीय." वेणी चांगली घट्ट होती, पण बहिणीने तोंड उघडायच्या आत दोघी बाहेर गेल्या आणि काचेचं दार बंद झालं.

बोरूने स्टूल पुढे ओढलं. "बस. पुन्हा मोजायचंय."

गुडघ्याला गुडघा लागला. बोरूने पट्टी त्याच्या नाकावर टेकवली आणि उजवा डोळा गच्च मिटला. "माझ्या डाव्या डोळ्यात बघ."

"मागच्या वेळी दोन्ही उघडे होते तुझे."

"हो. तीच चूक झाली. माप चार मिलिमीटर कमी आलं. त्यामुळे डोकं दुखतं आणि चेंडू जवळ दिसतो. ते पाच गोल माझे आहेत."

"चार तुझे," भिंतने प्रामाणिकपणे हिशेब सुधारला. "एक मी जांभई देत होतो तेव्हा गेला. डोळा मिटायला विसरलास होय? होतं रे."

झालं. सुटका समोर उभी होती, तीही भिंतनेच आणून ठेवलेली. नुसतं 'हो' म्हणायचं, काचा घासायच्या, चष्मा द्यायचा, आणि सोमवारी वर्गात सगळं होतं तसंच. बोरूने तोंड उघडलं. 'हो' काही निघेना.

"विसरलो नाही," तो म्हणाला. "मिटावासाच वाटला नाही. तू इतका जवळ बसला होतास... एका डोळ्याने मला पुरलं नसतं."

मिटलेला डोळा त्याने मिटलेलाच ठेवला. उघडा होता तोही मिटता आला असता तर बरं झालं असतं.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. बाहेर बहीण काहीतरी लांबलचक सांगत होती.

"पट्टी थरथरतेय," भिंत म्हणाला.

"हं."

"पुन्हा चुकेल माप."

"हं."

भिंतने हात वर केला आणि पट्टी धरलेल्या बोरूच्या हातावर ठेवला. गोलकीपरचा हात तो, जाड, खरबरीत, बोटाला चिकटपट्टी. पट्टी थांबली.

"आता वाच."

बोरूने डोळा बदलला. नीट बघितलं. "बासष्ट," त्याने सांगितलं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला, यात काहीतरी घोटाळा आहे ते," भिंत म्हणाला. "जिना उतरताना पायरी वर आल्यासारखी वाटायची."

"मग आला का नाहीस, गाढवा?"

"आलो असतो तर काकूंनी स्वतः मोजलं असतं. तुला बोलणी बसली असती. आणि मग पुढे कधी तुला मोजू दिलं नसतं." तो हसला. गालाला खळी पडली, त्या एका. "आणि माझा नंबर काय, दर सहा महिन्यांनी बदलतो."

"दोन आठवडे डोकं दुखवून घेतलंस?"

"दुखत होतं रे, जाम दुखत होतं. पण चष्मा तू घासलेला होता ना."

सांगूनच टाकायचं तर दुसऱ्या दिवशीची मॅच त्यांचा संघ एका गोलने हरला. पण तो गोल असा होता की दोन चष्मे घातले असते तरी अडला नसता, आणि खिडकी हे नाव कुणी पुन्हा काढलं नाही. ते पुढचं. आत्ता दुकानात माप घेऊन झालं होतं, कार्डावर लिहायचं तेवढं बाकी होतं, आणि पट्टी अजून दोघांच्या हातात होती.

काचेपलीकडे पायरीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. हातात मोडक्या काडीचा चष्मा.

"बंद आहे का हो दुकान?"

"उघडंय की," आईचा आवाज आला. "आत मोजमाप चाललंय. नाजूक काम असतं, वेळ लागतो. बसा तुम्ही."

आई सरकली आणि पायरीवर त्या बाईला जागा करून दिली. मग तिने स्वतःचा चष्मा काढला. कपड्याने काच पुसणाऱ्या गिऱ्हाइकाला ती चारचौघांत झापायची. चरे पडतात, म्हणायची. आज तिने बाहीचं टोक ओढून घेतलं आणि दोन्ही काचा सावकाश पुसल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती रस्त्याकडे बघत बसली. मागे वळून तिने एकदाही पाहिलं नाही.