कुलपांची वाटणी

"मामा, पुढची लेव्हल मी तलवारीत नाही घेत," धाकटी म्हणाली. "चोरीत घेते. कुलपं उघडायला शिकते."

थोरलीच्या हातातला फासा हातातच राहिला.

दर रविवारी मामाच्या छापखान्यात, बाइंडिंगच्या लांब टेबलावरचे डिंकाचे डबे बाजूला सारून त्यांचा खेळ रंगायचा. मामा गोष्ट रचायचा: गुहा, राक्षस, खजिना. बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकून काय जमतं ते बघायचं. खेळता खेळता पात्राची लेव्हल वाढली की त्याला आपल्या पेशातली एखादी नवी करामत मिळायची. धाकटी तलवारबाज. शेजारचा इलेक्ट्रिशियन जखमा बऱ्या करणारा पुजारी. एरवी देवाचं नाव न घेणारा हा गृहस्थ रविवारी मात्र मनोभावे मंत्र पुटपुटायचा. आणि थोरली चोर. चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत दिवसभर काचा घासणाऱ्या या मुलीला कुणी काही विचारत नसे. इथे मात्र बंद दार आलं की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. ते तिला फार आवडायचं, कुणाला बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

महिनाअखेरीस ती दुसऱ्या शहरात नोकरीला चालली होती. तिथे नेमकी रविवारीच पाळी, म्हणजे फोनवरून खेळायचाही प्रश्न मिटला. आणि ती अजून खुर्चीत बसलेली असताना सख्खी बहीण तिच्या कुलपांची वाटणी मागत होती. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

या टेबलाचा एक नियम होता, मामानेच घातलेला. दुसऱ्याच्या पेशात पाय ठेवायचा तर आधी त्या माणसाची परवानगी घ्यायची, कारण तुम्ही त्याच्या वाट्याची मजा घेता.

"काय गं, देतेस का?" मामाने विचारलं.

नाही म्हणायचं हे थोरलीने केव्हाच ठरवलं होतं. पण कोत्या मनाची दिसायची तिची तयारी नव्हती, म्हणून तिने हिशेब काढला.

"पुढची लेव्हल तुझी पाचवी. पाचवीला तलवारबाजाला एका वेळी दोन वार करता येतात. त्या दुसऱ्या वारासाठी वर्षभर माझं डोकं खाल्लंस. चोरीत गेलीस तर तो लांबला."

"लांबू दे."

"आणि नवशिक्या चोराला येतं काय? साधी कडी निघेल फार तर. मामाची कुलपं काय असतात, ठाऊक आहे ना?"

"बरोबर आहे," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "वायरिंगवाल्याने नळाला हात लावू नये. मी लावला होता. खालच्यांच्या गाद्या भिजल्या."

"तुम्ही गप्प बसा हो," धाकटी म्हणाली.

आता थोरलीलाच कोडं पडलं. धाकटीला हिशेबात आजवर कुणी गंडवलं नव्हतं. ती असा आतबट्ट्याचा सौदा का करेल?

"खरं सांग. कशाला हवीत तुला कुलपं?"

धाकटीने मामाकडे पाहिलं. मामा टेबलाच्या कडेचा सुकलेला डिंक नखाने खरवडू लागला.

"मामा त्याच्या कटिंग मशीनवाल्याला आणतोय," धाकटी म्हणाली. "तुझ्या जागी. चोर म्हणून."

"अगं, चोर नसला तर खेळ अडतो," मामा म्हणाला. "मी तरी काय करू?"

"नाही अडत! मी उघडेन. नाही उघडलं तर दार फोडेन. पण ताईच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही!" शेवटी तिचा आवाज चिरकला आणि त्याचाच तिला राग आला.

थोरलीला स्वतःची लाज वाटली आणि फार आनंदही झाला. आता हो म्हणणं किती सोपं होतं! खुर्ची रिकामी राहिली असती. दर रविवारी धाकटी त्या खुर्चीशेजारी बसली असती, धड ना तलवारबाज धड ना चोर, आणि प्रत्येक न उघडणाऱ्या दाराशी तिला ताईची आठवण आली असती. थोरलीला तेही हवंसं वाटलं. पण क्षणभरच.

"नाही," ती म्हणाली.

"ताई!"

"पेशा माझा, परवानगी माझी, आणि मी देत नाही. तू तुझा दुसरा वार घे. मामा, त्या मशीनवाल्याला पुढच्याच रविवारी बोलव, मी आहे तोवर. कुलपं मी शिकवते त्याला. नाहीतर पहिल्याच सापळ्यात सगळ्यांना मारेल तो."

"मी त्याच्याशी बोलणार नाही," धाकटी म्हणाली.

"नको बोलूस. पण कुलूप उघडताना चोराचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तेव्हा तलवार घेऊन त्याच्यामागे उभी राहा."

धाकटीने बाहीने नाक पुसलं. "राहीन. पण तुझ्यामागे राहायचे तशी नाही राहणार."

"तशी नकोच राहूस," थोरली म्हणाली, आणि मग तिलाच रडू फुटलं.