वाळूवरच्या सावलीचं नाव

रिहामचं भांडण लागलं ते एका शिक्क्यावरून.

नाईल जिथं समुद्राला मिळते तिथल्या रास अल-बर गावाच्या जुन्या फोटोंचं इंटरनेटवर एक पेज आहे, ‘आमचे उन्हाळे’ नावाचं. गावातलं कोण त्यावर नसतं ते विचारा. समुद्राकाठच्या बोरूच्या झोपड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, गुडघाभर पाण्यात पोट आत ओढून उभे राहिलेले मामा, गळ्यापर्यंत वाळूत पुरलेली पोरं. लोक चहा पीतपीत बघत बसतात. कुणाला आपली आत्या सापडते, कुणाला बंद पडलेलं दुकान. आणि प्रत्येक फोटोच्या छाताडावर तिरका, जाड, पांढरा शिक्का: ‘उस्ताज वगीह यांच्या संग्रहातून’. एका पोराच्या तर तोंडावरच मारलेला. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसतं ‘संग्रहा’.

उस्ताज म्हणजे साहेब, आणि हे वगीहसाहेब म्हणजे शेजारच्या दमिएत्ता शहरात फर्निचरला लावायचे लाकडाचे पातळ पत्रे विकणारा माणूस. शुक्रवारी भंगारवाल्यांकडे जाऊन जुने फोटो किलोनं उचलायचा त्याला नाद. स्वतः आयुष्यात एक फोटो काढलेला नाही. माणूस तसा गोड. कॉमेंटमध्ये कुणी काही विचारलं की चार ओळींचा नमस्कार-चमत्कार करून मग उत्तर.

रिहाम सतरा वर्षांची. शाळा तिनं दोन वर्षांपूर्वी सोडली, म्हणजे बाईंना काहीतरी बोलली आणि परत गेलीच नाही. आता नाईलकाठच्या रस्त्यावर एका दुकानात मोबाईलची कव्हरं विकते. गिऱ्हाईक नसलं की फोनमध्ये डोकं. डोळा मात्र घारीचा. त्या दिवशी तिला एका फोटोत, समुद्राला पाठ करून उभ्या राहिलेल्या कुटुंबाच्या पायाशी, वाळूवर एक लांब सावली दिसली. रुंद काठाची टोपी आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेली कोपरं. कॅमेरा धरलेल्या माणसाची सावली. दुसऱ्या फोटोत तीच. पाचव्यात तीच.

ती टोपी रिहामच्या घरी दाराआड खिळ्याला लटकलेली होती. तिचे आजोबा मआती, ज्यांना ती गिद्दो म्हणते, यांनी याच किनाऱ्यावर उभा जन्म फोटो काढले होते. सगळं गाव अजून त्यांना उस्ता मआती म्हणतं, उस्ता म्हणजे हातात कसब असलेला माणूस. आणि त्यांच्या फोटोंवर लाकडाच्या पत्रेवाल्याचा शिक्का.

तिची सटकली. तिनं सगळ्यांदेखत कॉमेंट टाकली: ‘कागद तुम्ही विकत घेतलात, उस्ताज. फोटो कुणी काढला ते कधी लिहिणार?’ वगीहनं नमस्कार-चमत्कार करून पुरावा मागितला. तिनं खिळ्यावरच्या टोपीचा फोटो काढला, सावलीच्या शेजारी लावला आणि खाली लिहिलं, ‘आता चष्मा लावा.’ मग जी मजा सुरू झाली ती दोन दिवस चालली. लोकांनी वगीहला असा धुतला की विचारू नका. एकानं लिहिलं, आमच्या सोफ्यावर पण शिक्का मारून जा. शेवटी वगीहनं जाहीर माफी मागितली, किनाऱ्यावरच्या सगळ्या फोटोंवरून आपला शिक्का काढला आणि प्रत्येकाखाली लिहिलं: ‘फोटो: उस्ता मआती’. वर हेही सांगितलं की हंगाम सुरू होताना समुद्राकाठी मोठमोठे फोटो टांगणार आहे, त्याखाली हेच नाव येईल.

रिहामला याच्यापेक्षा जास्त काही नको होतं. घरी आजोबांना अजून एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. ते कुठल्याही गोष्टीला आधी नाहीच म्हणतात, म्हणून सगळं पक्कं झाल्यावर सांगायचं तिनं ठरवलं होतं. येताना तिनं मशब्बकचा, म्हणजे जिलबीसारख्या मिठाईचा, पुडा पण घेतला.

मआती बाल्कनीत ओले वाल सोलत बसले होते. तिनं फोन हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ घेतला. एक फोटो बघितला, दुसरा बघितला. मग खाली आपलं नाव वाचलं आणि फोन टेबलावर असा ठेवला की जणू चिकट होता.

“हे कुणी केलं?”

“मी,” रिहाम म्हणाली. “भांडून करून घेतलं.”

“मी असले फोटो काढीन? पायाशी सावली? अगं, गिऱ्हाइकानं तोंडावर फेकला असता माझ्या. हा लबीब आहे.”

रिहाम म्हणाली की टोपी तर तुमचीच आहे. त्यावर ते म्हणाले, टोपी सगळ्यांचीच तशी होती. झोपड्या विणणारा एकच म्हातारा होता, उरलेल्या बोरूच्या टोप्या तोच करायचा, आणि गर्दीत फोटोवाला लांबून दिसावा म्हणून झाडून सगळे फोटोवाले त्या घालायचे. एवढं बोलून ते पुन्हा वाल सोलायला लागले.

लबीबबद्दल ती ऐकून होती. फोटोच्या धंद्यात आजोबांची आणि त्याची भागी होती. लबीब वारून बरीच वर्षं झाली, बायकापोरं कैरोला गेली. पण हे सावलीचं तिला माहीत नव्हतं, आणि ते तिला तुकड्यातुकड्यांनी काढून घ्यावं लागलं. सकाळी सूर्य नाईलकडून वर येतो, समुद्राकडे तोंड केलं की नेमका पाठीवर. सावली फोटोत जाणारच. शहाणा फोटोवाला दोन पावलं बाजूला होतो, नाहीतर गुडघ्यावर बसतो. मआती बसायचे. लबीब बसायचा नाही. चुकून नाही, मुद्दाम.

“रोज सांगायचो त्याला, अरे बाबा, माणसं त्यांच्या पोरांचे पैसे देतात, तुझे नाही. तर म्हणायचा, फोटोतल्या सगळ्यांची नावं त्यांच्या घरी माहीत असतात, समोर कोण उभा होता ते कुणालाच माहीत नसतं. राहू दे की मला जरासा. गाढव होता. जेवायला बसलो की यावरूनच आमचं वाजायचं.”

रिहामला मनातून लबीब आवडला, पण आत्ता ती वेळ नव्हती. तिच्या डोक्यात हिशोब चालू होता. सावलीवाले गेले तर गेले, बाकीचे आहेतच. तिनं फोन परत घेतला आणि बिनसावलीचे फोटो एकेक करून बघायला लागली. इथं तिच्या डोळ्यानं तिचा घात केला. वगीहनं फोटो कडांसकट स्कॅन केले होते, म्हणून कागदाची पांढरी चौकट दिसत होती. काही फोटोंना ती चौकट तीनच बाजूंना होती. खालची गायब. ती गप्प बसली असती तर चाललं असतं. पण गप्प बसणं तिला जमत असतं तर ती अजून शाळेत असती. तिनं विचारलं.

“ते पण त्याचेच,” मआती म्हणाले. “छापायचो मी. तो फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत यायचाच नाही, औषधाच्या वासानं खोकला सुटायचा त्याला. मग मी खालची पट्टी कापून टाकायचो. सावली गेली, गिऱ्हाईक खूश. कधी घाई असली की कापायची राहून जायची, ते हे आधीचे सावलीवाले.”

“पण कापलेले आहेत ना? मग कुणाला कळणार आहे? ते तरी राहू देत तुमच्या नावावर.”

“पट्टी कापली मी. मला नाही कळत होय?”

ते चिडून नाही बोलले. वालाची शेंग उघडावी तसं बोलले. आणि रिहामला एवढा राग आला की ती पुडा तसाच ठेवून आत गेली, पाणी प्याली, परत आली. शेवटी सगळं चाळून झाल्यावर चारही कडा धड असलेला, सावली नसलेला एक फोटो उरला. कलिंगड छातीशी धरलेला एक जाडा गृहस्थ. मआतींनी तो मोठा करून बघितला. हा माझा, म्हणाले. रिहामच्या जिवात जीव आला. लगेच पुढं म्हणाले, आणि डोळे मिटलेत त्याचे. त्यानं घेतलाच नव्हता हा, तसाच पडून होता, भंगारवाल्याकडे कसा गेला देव जाणे. हा टांगलात तर मी त्या रस्त्यानं फिरणार नाही.

म्हणजे उरलं शून्य.

त्यांना तरीही समाधान नव्हतं. आजच्या आज नाव बदलून लबीबचं घालायचं, आणि ज्या चव्हाट्यावर भांडली तिथंच सांगायचं, कानात नाही. रिहामनं सांगून बघितलं की लोक तिला फाडून खातील. मआती म्हणाले, खातील, आणि मग जेवायला जातील.

तिनं परत दुकानात जाऊन लिहिलं, पुसलं, लिहिलं. पहिल्या मजकुरात वगीहलाच दोन टोमणे होते, ते काढले. दुसऱ्यात स्वतःची बाजू फार होती. शेवटी एवढंच ठेवलं: माझी चूक झाली, टोपीवरून ओळखलं, टोप्या सगळ्यांच्या सारख्याच होत्या. हे फोटो लबीब यांनी काढलेत, आजोबांनीच सांगितलं. ज्यांची खालची कड कापलेली आहे, तेही लबीब यांचेच. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. सुलटा केला तोवर पहिली कॉमेंट आली होती: ‘आता टोपी खा.’ तिचा अंगठा उत्तर द्यायला शिवशिवला. दिलं नाही. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला उगाचच महागातलं कव्हर दाखवलं आणि वर झापलंही, तेव्हा जरा बरं वाटलं.

संध्याकाळी वगीहचा फोन आला. ती तयारीतच होती, पण माणूस टोचून बोललाच नाही. उलट म्हणाला की कापलेल्या फोटोंचं कुणाच्या बापालाही कळलं नसतं, उस्ता मआतींना माझा सलाम सांग. मग म्हणाला, टांगायच्या फोटोंखाली आता लबीब यांचं नाव घालतो, आजोबांचं काढतो, उद्या छपाईला जायचंय.

रिहामला ‘काढतो’ एवढंच ऐकू आलं. म्हणजे एवढं सगळं करून समुद्राकाठी आजोबा कुठंच नाहीत. आणि मग तिला जे सुचलं ते रागातूनच सुचलं.

“छापले कुणी ते फोटो?” ती म्हणाली. “लबीब तर अंधाऱ्या खोलीत पाय ठेवत नव्हते. हे लोक तुम्हाला दिसतात कुणामुळे? लिहा, काढणारे लबीब, छापणारे मआती.”

वगीहनं नमस्कार-चमत्कार करून सांगितलं की छापणाऱ्याचं नाव जगात कुणी लिहीत नाही.

“तुम्ही विकत घेणाऱ्याचं लिहीत होता, उस्ताज. ते पण तोंडावर.”

 पलीकडे वगीह असा हसला की त्याला ठसका लागला. लिहितो, म्हणाला.

आता आजोबांना सांगणं आलं. हे खरं आहे, यात नाही म्हणायला जागा नाही, असं तिला वाटलं होतं. मआतींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, छापतंय कोण?

दमिएत्तातलं एक दुकान, ती म्हणाली. लग्नाचे फलक वगैरे करतात.

“फलकवाला छापणार आणि खाली नाव माझं?” ते उठलेच. “चल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मायक्रोबसनं गेली. वाटेत ते ड्रायव्हरला दोनदा हळू चालव म्हणाले. दुकानात भिंतीएवढं यंत्र सूं-सूं करत होतं आणि त्यातून लबीबचा एक फोटो जिभेसारखा बाहेर येत होता. पाण्याकडे पाठ करून उभं कुटुंब, पोरांच्या पांढऱ्या टोप्या. वगीह आधीच येऊन उभा होता. त्यानं उस्तांना खुर्ची दिली, चहा मागवला. मआती बसले नाहीत. फोटोजवळ गेले, नाक लावून वरून खाली बघितला.

ह्यांचे चेहरे कोळसा झालेत, म्हणाले. आणि टोप्या नुसता चुना. पोरांच्या टोप्यांना शिवण होती, ती कुठंय?

यंत्रावरचा पोरगा तोंडात च्युइंगम घोळवत म्हणाला की असाच आलाय. मआती म्हणाले, असाच येत नसतो, आणतोस तसा येतो. त्यांनी स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले. इथं उजळ. अजून. बास, मागं घे जरा. पोरगा आधी वगीहकडे बघत होता, मग बघायचा थांबला. तीन वेळा लहान तुकडा छापून झाला. तिसऱ्या तुकड्यात टोप्यांच्या शिवणी दिसायला लागल्या आणि पोरग्यानं च्युइंगम चावायचं सोडलं.

रिहाम मागं उभी राहून फोनवर बोटं फिरवत होती, पण बघत पडद्याकडेच होती. फोटोखालच्या पट्टीत दोन नावं होती. लबीबचं वर. आजोबांचं खाली, आणि बारीक. हे बारीक कुणी केलं ते विचारायला तिनं तोंड उघडलंच होतं.

“उस्ता,” पोरग्यानं पडद्यावरचा बाण खाली नेला, “हे खाली कुणाची तरी सावली आलीय. उडवू का? एका सेकंदाचं काम आहे.”

“हात तर लावून बघ,” मआती म्हणाले.