बाभळीचे गुटके

दर सोमवारी सकाळी धर्मपाल मोटारसायकलला किक मारायचा आणि त्याची बायको शकुन दारात येऊन बसायची. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून चिखलदरा, आणि त्याच्याही पलीकडच्या गावांत जाऊन पोरांना देवीची लस टोचायची, हे त्याचं काम. लोक त्याला देवीचा डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता, पण ही गोष्ट त्यानं आजवर कुणाच्या कानावर घातली नव्हती.

गाडी लढाईतली. फौजेनं वापरून टाकलेली, अंगानं रेड्यासारखी. मागच्या चैत्रात घाटाच्या एका वळणावर ती घसरली आणि धर्मपालच्या उजव्या पायावर आडवी झाली. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत माणूस तिच्याखाली पडून होता. धुराची तापलेली नळी पोटरीला चिकटलेली, टाकीतून पेट्रोल ठिबकतंय, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी बांबू वाहणाऱ्या गाडीवाल्यांनी त्याला बाहेर काढलं.

पाय वाचला, पोटरीवर काळा पट्टा राहिला. शकुन रोज त्या पट्ट्याला खोबरेल लावायची आणि रोज तिला वाटायचं, पुढच्या वेळी एवढ्यावर भागणार नाही. धर्मपालला काही म्हणावं तर तो हसायचा. पुरुषांना हसायला काय जातं? दारात बसून वाट पाहायची पाळी त्यांच्यावर येत नाही.

कपाशी फुटेपर्यंत त्यानं एसटीनं आणि पायी कामं उरकली. मग एक दिवस म्हणाला, येत्या सोमवारपासून गाडी काढतो. शकुन त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिनं एकच अट घातली. गाडी पडली तरी पायावर पडणार नाही असं काहीतरी तिला बसवून घ्यायचं, आणि ते कसं आहे हे ती स्वतः येऊन पाहणार.

दोघं गाडी घेऊन कुर्बान मिस्त्रीकडे गेले. तो पूर्वी नुसत्या बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचा. आता गाड्यांबरोबर मोटारसायकलीही त्याच्या अंगणात येत. त्यानं दोन वस्तू पुढं ठेवल्या. एक होता जाड नळी वाकवून केलेला लोखंडी कठडा, इंजिनच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर येणारा. दुसरे होते बाभळीचे दोन गुटके, गोल लाकडी ठोकळे. लांब बोल्टानं ते सांगाड्याला दोन्हीकडून कसायचे.

धर्मपाल कठडा उचलायला वाकला, तसा कुर्बान म्हणाला, "तुमी नाही, डॉक्टरसाब. पसंत भाभी करतीन. गाडीवर बसनाऱ्याले मी कधीच इचारत नाही. त्याले जे मस्त दिसते तेच पायजे असते. जो घरी वाट पायते, तो बराबर पायते."

शकुनला म्हातारा आवडला. तिनं वीत लावून दोन्ही मोजलं. गाडी आडवी झाली तर कठड्यामुळं खाली दीड वीत जागा उरत होती, गुटक्यामुळं जेमतेम चार बोटं. विचार करायचं कारणच नव्हतं.

"हा कठडा," ती म्हणाली.

"बरं. मंग ओढून पाहू."

कुर्बाननं कठडा कसला, गाडी आडवी पाडली आणि बसायच्या जागेवर सरकीनं भरलेलं पोतं दोरीनं बांधलं. "हे आपले डॉक्टरसाब समजा," तो म्हणाला. धर्मपालला गंमत वाटली. त्यानं आपली टोपी काढून पोत्याच्या तोंडावर चढवली. शकुनला मात्र ती टोपी पाहवेना.

श्रावण नावाचा गाडीवान धाव बसवायला आला होता. त्याची बैलजोडी गाडीच्या मानेला दोरखंडानं जुंपली. श्रावणनं बैल हुसकले, बैल पळत सुटले, आणि मागं मोटारसायकल फरफटू लागली. दहा हातही गेली नसेल. अंगणात चाकोऱ्या पडलेल्या होत्या. त्यातल्या एकीत कठड्याचा कोपरा वखराच्या पात्यासारखा रुतला. गाडी जागच्या जागी उभी उसळली आणि उलटून पोत्यावर पडली. पोतं फाटलं. सरकी सगळीकडे उडाली. टोपी कुठं दिसेना.

फाटक्या पोत्याकडे पाहत शकुन खाली बसली. हे तिनं निवडलं होतं. वीत लावून, नीट मोजून, आपल्या हातानं तिनं हे नवऱ्याला बांधून दिलं असतं, आणि सोमवारी निवांत दारात बसली असती.

"मानसं जागा मोजतात," कुर्बान हळूच म्हणाला. "पडनारी गाडी जागच्या जागी पडत नाही, भाभी. लोखंड रुतते. बाभूळ झिजते, घसरत जाते, पन अडकत नाही."

त्यानं गुटके कसले, दुसरं पोतं बांधलं. बैल पुन्हा पळाले. गाडी आडवीच्या आडवी घसरत अंगणाच्या टोकाला गेली. चाकोरीवरून जाताना नुसती हादरली. गुटका एका बाजूनं खरवडला होता, पोतं जसंच्या तसं होतं.

तरी शकुनची भीती हटेना. चार बोटं म्हणजे काय, पोळपाटाखाली उरते तेवढी जागा; तिथं लाटणंसुद्धा नीट सरकत नाही. "एवढ्यात पाय राहीन काय?" तिनं विचारलं.

"ठेवून पाहा कोनी."

धर्मपाल विजार वर सारू लागला. शकुन उठली. "तुमी नाही," ती म्हणाली. तिनं लुगडं सावरलं, उभ्या केलेल्या गाडीशेजारी फाटकं पोतं अंथरून बसली आणि उजवा पाय लांब केला. "पाडा."

"शकुन, काहून असं करून राहिली? ऊठ."

"पाडा म्हनलं ना."

धर्मपालनं कुर्बानकडे पाहिलं. कुर्बाननं होकाराची मान हलवली. धर्मपालनं गाडीला दोन्ही हात लावले. हात थरथरत होते. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो पुसायलाही त्याला हात सोडवेना. खाली तिची पोटरी होती, वर तो रेडा. मग त्यानं डोळे मिटले आणि ढकललं.

धप्प आवाज झाला. धूळ उडाली. पाय आहे की गेला हे शकुनला क्षणभर कळेना. मग तिनं बोटं हलवून पाहिली. हलली. लोखंड तिच्या कातडीपासून केसभर वर होतं, कुठंही टेकलं नव्हतं.

धर्मपाल गुडघ्यांवर बसून धापा टाकत होता. "लागलं काय?"

"नाही." पाय तसाच ठेवून ती त्याच्याकडे पाहत राहिली. "तुमाले आता वाटलं, तसा असते माझा सोमवार. सकाळी तुमी निंगाल्यापासून परत येईपर्यंत."

या वेळी तो हसला नाही. सरकीत हात घालून त्यानं आपली चेंबटलेली टोपी शोधून काढली. ती डोक्यावर न घालता तो ती हातातच धरून बसला. मग म्हणाला, "वळनावर मी उतरून गाडी हातानं नेईन."

असली वचनं शकुननं बरीच ऐकली होती. पण टोपी धरलेले त्याचे हात अजून कापत होते, आणि तिचा विश्वास बसला तो त्या हातांवर.