नोंदीत नसलेलं बेट

मी लखमा फौजीची पेटी बोलतेय. काळी, पत्र्याची, दोन कड्यांची. माझा जन्म बेळगावच्या बाजारातला. एका लोहाराने मला ठोकून ठोकून चौकोनी केलं, रंगाऱ्याने झाकणावर आणि पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगाने लखमाचा नंबर आणि नाव लिहिलं. लखमा तेव्हा नुकता भरती झालेला पोरगा होता. माळशेज घाटाच्या रस्त्यावरच्या वैशाखऱ्याजवळच्या पाड्यातून आलेला. मला खांद्यावर घेऊन तो बराकीत गेला तेव्हा त्याच्या चालण्यात एक ऐट होती. ती ऐट मी नंतर पुन्हा पाहिली नाही.

त्याच बराकीत मंगळू होता. तो शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीचा. दोघांची भातशेती, दोघांची बोली एक, त्यामुळे दोघांची लगेच गट्टी जमली. मंगळूकडे स्वतःची पेटी होती, पण बसायला त्याला मीच आवडायची.

पुढे दोघांना तात्पुरतं दुसऱ्या पलटणीत पाठवलं आणि ती पलटण श्रीलंकेला निघाली. मी बोटीच्या पोटात शेकडो पेट्यांबरोबर तिकडे गेले. जाताना मला बोटीवर मंगळूने चढवलं होतं. येताना लखमा लंगडत होता आणि मंगळू नव्हता.

तिकडे काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. मी छावणीत होते. ते दोघे ज्या ताडाच्या बनात गेले तिथे पेट्या नेत नाहीत. मला एवढंच माहीत की लखमाच्या मांडीत लोखंडाचे तुकडे शिरले होते आणि काही महिन्यांनी परेडमध्ये त्याला दोन पदकं मिळाली. एक परदेशातल्या सेवेचं, एक जखमी झाल्याचं. त्याने ती रुमालात गुंडाळली आणि माझ्या तळाशी ठेवली.

लखमा निवृत्त होऊन घरी आला. भागीबरोबर संसार केला, अमोल झाला, नाचणी आणि भात पिकवलं. पण नांगरलेल्या मातीत तो कधी मोकळेपणाने पाय टाकत नसे. बांधावरून चालायचा, नाही तर दगडांवरून. भागी सुरुवातीला हसायची. मग तिने हसणं सोडलं.

फौजेतून सुटताना मिळालेल्या लखमाच्या डिस्चार्ज बुकात त्या बेटाचं नाव नव्हतं. पदकंही नव्हती. तो ज्या पलटणीबरोबर गेला तिथली हजेरी तिथेच राहिली आणि त्याचे कागद त्याच्या मूळ पलटणीत राहिले. कागदावर लखमा त्या सगळ्या काळात देशातच होता. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसरा कोणी असता तर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. लखमा गप्प बसला. मला वाटायचं, साधा माणूस आहे, मानाची हाव नाही. मी चुकत होते.

गेल्या वर्षी मुरबाडला माजी सैनिकांच्या नावांचा फलक लागणार होता. अमोलने हट्टाने बापाला पदकं लावून नेलं. तिथे कोणीतरी त्याचं बुक पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणालं की ही पदकं नोंदीत नाहीत, न मिळालेली पदकं लावणं गुन्हा आहे. घरी येईपर्यंत ही गोष्ट त्यांच्या आधी पाड्यात पोचली होती. पोरं लखमाला पाहून सलाम ठोकायची आणि हसायची.

अमोलला ते सहन होईना. त्याने अर्ज करायचं ठरवलं. भागी म्हणाली, "नको उकरू रे. जे पुरलंय ते पुरलेलं बरं." तिला काही माहीत नव्हतं. पण ज्या माणसाशेजारी ती इतकी वर्षं झोपली तो झोपेत कोणाला तरी थांब, थांब म्हणायचा, हे तिला माहीत होतं.

अर्जाबरोबर पुरावा हवा होता. तिथे सोबत कोण होतं, असं अमोलने विचारलं की लखमा उठून बाहेर जायचा. शेवटी मुरबाडच्या एका फौजेतल्या जुन्या हवालदाराकडून अमोलला किन्हवलीच्या मंगळूचं नाव कळलं. तो तिथेच वारला होता, त्यामुळे त्याच्या नोंदीत श्रीलंका स्वच्छ लिहिलेली होती आणि त्याची बायको सकुबाई अजून होती.

बापाला न सांगता अमोल तिच्याकडे गेला. येताना त्याच्या हातात एक फोटो होता. श्रीलंकेतल्या छावणीतला. त्यात लखमा आणि मंगळू खांद्याला खांदा लावून माझ्यावर बसले होते आणि त्यांच्या पायांमधून लखमाचा नंबर दिसत होता. मंगळूने तो बायकोला पाठवला होता. अमोलचा आनंद मावत नव्हता.

लखमाने फोटो पाहिला आणि खाली बसला. "तिला काय सांगितलंस?" एवढंच त्याने विचारलं.

अमोल म्हणाला, "सांगितलं, बाबा त्यांच्यासोबत होते म्हणून."

त्या दिवसापासून लखमा माझ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसू लागला. आळेफाट्याकडून किंवा मुरबाडकडून एसटी आली आणि थांब्यावर थांबली की त्याचा हात माझ्या कडीवर घट्ट व्हायचा. कोणी उतरलं नाही की सैल पडायचा. अर्ज पुढे सरकत होता, अमोल रोज काहीतरी चांगली बातमी आणत होता आणि घरात मात्र कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

भाताची झोडणी संपल्यावर सकुबाई आली. काळीसावळी, वाळकी बाई, हातावर कामाच्या भेगा. भागीने पाणी दिलं. दुसरी बसायची जागा नव्हती म्हणून ती माझ्यावर बसली. तिचं वजन एखाद्या पोरीएवढं होतं.

तिने ओरडाआरडा केला नाही. म्हणाली, "भाऊ, मला एकच सांगा. तारेत लिवलं होतं, ते जागीच गेले. खरं का?"

 लखमा म्हणाला, "नाय, वहिनी."

आणि त्याने सांगितलं. ताडाच्या बनात मंगळूच्या पायाखाली सुरुंग फुटला. लखमा त्याच्याकडे धावला तेव्हा दुसरा फुटला. सगळी जमीन पेरलेली होती. साहेबांनी हुकूम दिला की कोणी हलायचं नाही. दोघे हाकेच्या अंतरावर पडून होते आणि मंगळू दुपारपासून दिवस कलेपर्यंत जिवंत होता. त्याने पाणी मागितलं, मग मागणं सोडलं. मग तो घरचं बोलू लागला, आपल्या बोलीत, जे बाकी कोणाला कळत नव्हतं.

"काय बोलले?"

लखमा सांगू लागला. "बोलला, थोरला भाऊ कागद घेऊन येईल. सकूला सांग, अंगठा देऊ नको. सारखं तेच बोलत होता. मी हो म्हटलं."

माझ्यावर बसलेली बाई हलली नाही. अंगणात कोंबड्या भात टिपत होत्या.

"मी येणार होतो, वहिनी," लखमा म्हणाला. "पण निरोप सांगायचा म्हणजे तो इतका वेळ जगला हेपण सांगायला लागलं असतं. तुमाला वाटत होतं जागीच गेला. म्हटलं ते बरं. मग फौजेतून सुटून आलो तेव्हा बाजारात कळलं, तुमचा अंगठा कधीच घेतला. कागद म्हणत होता मी तिथं नव्हतो. मी म्हटलं, नव्हतोच."

सकुबाई म्हणाली, "माझा अंगठा तेराव्याच्या आधी घेतला. मला म्हणाले, पेन्शनचा कागद आहे."

मग तिने सांगितलं ते कमी होतं आणि मला कायमचं लक्षात राहिलं. त्या अंगठ्याने शेत थोरल्या दिराच्या नावावर गेलं आणि आपल्याच शेतात ती मजुरीने लावणीला जात होती. बांध तोच, चिखल तोच, फक्त दुपारी भाकर खायला दुसऱ्याच्या सावलीत बसायचं. आता दीर वारला होता आणि त्याची पोरं ते शेत बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकत होती.

ती उठली. रडली नाही. "तुमी तुमचं नाव कागदात घालून घ्या, भाऊ. माझा फोटो त्याच्यासाठीच दिला. पण मग आमच्या ग्रामसभेत या आणि हेच बोला. कोर्टात चालेल का नाय मला माहीत नाय. गावाला तरी कळू दे, ते काय बोलून गेले."

लखमाने मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही. भागीलाही कळलं नाही.

ही गोष्ट किन्हवलीला कशी पोचली कोण जाणे. काही दिवसांनी एक पांढरी गाडी अंगणात आली. मंगळूचा पुतण्या, त्या थोरल्या भावाचा मुलगा रितेश उतरला, बरोबर दोघे जण. रितेशने बूट बाहेर काढले, भागीच्या पाया पडला, चहा घेतला. अमोलला विचारलं, कुठे कामाला, किती वाजता सुटतोस, येतोस कुठल्या रस्त्याने. अमोलनेही भाबडेपणाने सगळं सांगितलं.

मग रितेश लखमाला म्हणाला, "काका, तुमी देशासाठी केलं, आमाला आदर आहे. जुनं आहे ते जुनं राहू द्या." उठताना त्याने माझ्या झाकणावर हात फिरवला, नंबर वाचला. "घाटाचा रस्ता आहे. पोराला सांगा, बाईक हळू चालव."

गाडी गेली तरी कितीतरी वेळ कोणी कप उचलले नाहीत.

त्याच आठवड्यात दुरुस्तीचं पत्र आलं. श्रीलंका, तारखा, दोन्ही पदकं, सगळं आता नोंदीत होतं. अमोलने ते मोठ्याने वाचलं. लखमाने पुन्हा वाचायला लावलं. मग तो माझ्याकडे आला, तळाशी हात घालून रुमाल काढला.

भागीने त्याचा हात धरला. "पोराचं नाव घेऊन गेलेत ते. तुमाला ऐकू नाय आलं?"

"आलं," लखमा म्हणाला. "तेव्हापण हलू नको म्हणून हुकूम होता. मी हललो नाय. आता कागदपण म्हणतोय, मी तिथं होतो. आता कसा नाय जाऊ?"

तो किन्हवलीला गेला. अमोल बरोबर होता, त्यानेच मागून सांगितलं. लखमा पदकं लावून सभेत उभा राहिला आणि मंगळूची ती दुपार त्याने जशी होती तशी सांगितली.  निरोपाचं वाक्य आलं तेव्हा मागच्या बायकांमधून कोणीतरी हुंदका दिला. ती सकुबाई नव्हती. सकुबाई सरळ बसून ऐकत होती, नवऱ्याचं बोलणं ऐकावं तशी. रितेश भिंतीला टेकून लखमाकडे बघत होता आणि हसत होता.

जमीन घेणारा घाबरला, व्यवहार थांबला. सकुबाईने तहसीलला अर्ज टाकला आणि साक्षीदार म्हणून लखमाचं नाव दिलं.

तेव्हापासून पांढरी गाडी वळणावर येऊन उभी राहते. कधी अर्धा तास, कधी जास्त. कोणी उतरत नाही, काच खाली होत नाही. अमोलच्या बाईकचा ब्रेक एका संध्याकाळी लागला नाही. तो भाताच्या खाचरात पडला, खरचटण्यावर निभावलं. गॅरेजवाला म्हणाला वायर जुनी झाली होती. भागीने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मला कोपऱ्यातून ओढलं. आमच्या मागच्या दाराची कडी ढिली आहे. दिवस कलला की ती मला त्या दाराला लावते आणि माझ्यात पाटा, जातं, विटा, जे जड असेल ते भरते. बेळगावच्या लोहाराने मला कपड्यांसाठी बनवलं होतं.

ज्या दिवशी लखमाने सगळं सांगितलं, त्या दिवसापासून तो झोपेत ओरडत नाही. भागी म्हणाली, "गेलात ते बरं केलंत," आणि पुन्हा दाराकडे बघितलं.

उद्या तहसीलला सकुबाईची तारीख आहे. लखमाला साक्षीसाठी शहापूरला पोचायचं आहे. अमोलच्या बाईकवरून नको, एसटीने जाईन, असं त्याने ठरवलं आहे. गाडी आज दुपारपासून वळणावर आहे आणि अजून गेलेली नाही.

मी पेटी आहे. मला दारापलीकडे जाता येत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. उद्या सकाळी मुरबाडच्या एसटीत एक लंगडणारा म्हातारा चढेल, छातीवर दोन पदकं असतील. त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका. तिथे बसा आणि शहापूरपर्यंत त्याच्या सोबत जा.